टेप, ओळंबा आणि काळी-पिवळी

1972 साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात संगणक शिकणारी काही पोरं मोजपट्ट्या घेऊन एका फोक्सवॅगन बीटलला भिडली होती. गाडी होती त्यांचे प्राध्यापक आयव्हन सदरलँड यांच्या पत्नीची. पोरांनी तिच्या पत्र्यावर रेघा आखल्या, बिंदू धरले आणि प्रत्येक बिंदूची तीन मापं घेतली : लांबीतलं, रुंदीतलं, उंचीतलं. ते आकडे संगणकात भरले, बिंदू एकमेकांना जोडले आणि पडद्यावर बीटल उभी राहिली. खऱ्या वस्तूवरून संगणकात उतरवलेल्या अगदी सुरुवातीच्या आकृत्यांपैकी ही एक.

मी नंदुरबारला थ्रीडी मॉडेलिंग शिकवतो. पहिल्या तासाला हीच हकीकत सांगतो, कारण पोरांना वाटतं, गाडी माऊसने होते. गाडी टेपने होते. माऊस नंतर येतो.

बीटलच्याही आधी फ्रान्समध्ये दोन माणसं या कामाला लागली होती. सिट्रोएन कंपनीत पॉल दे कास्तेल्जो याने 1959 मध्ये मोजक्या बिंदूंवरून वक्र रेषा काढण्याचं गणित बसवलं; कंपनीने ते बरीच वर्षं गुपित ठेवलं. रेनॉमध्ये पिएर बेझिए याने आपल्या वाटेने तिथंच येऊन ते जगापुढे मांडलं, म्हणून नाव त्याचं लागलं. बेझिए हा हत्यारं आणि साच्यांच्या खात्यातला इंजिनिअर. त्याची अडचण आपल्याकडच्या कुठल्याही डेंटिंगवाल्याला पटकन कळेल. कागदावरचं चित्र एक सांगतं, लाकडी नमुना दुसरं, साचा तिसरं. मग खरा आकार कोणता? बेझिएने ठरवलं, आकडे खरे. चार बिंदू ठरवले की वक्र ठरला, मग तो कुणीही, कुठेही काढला तरी तोच निघणार.

आणखी एक टप्पा सांगायलाच हवा. 1978 मध्ये एड कॅटमल आणि जिम क्लार्क या यूटाच्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मोठ्या चौकटींच्या जाळीतून गुळगुळीत पृष्ठभाग काढण्याची रीत दिली. आज माझा विद्यार्थी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बॉनेटला सबडिव्हिजन लावतो, तेव्हा हीच रीत चालते. ब्लेंडर आमच्यापर्यंत आलं तेही लोकांच्या पैशातून. 2002 मध्ये ते बंद पडायच्या बेताला होतं. डच निर्माता टॉन रूझेंडाल याने लोकांकडून एक लाख युरो उभे केले आणि त्या ऑक्टोबरपासून ते सगळ्यांसाठी खुलं झालं. महागडं सॉफ्टवेअर विकत घेणं तळोद्याच्या किंवा धडगावच्या पोराच्या आवाक्यात कधीच नव्हतं. मला या माणसाचे उपकार वाटतात.

माझे काका शहाद्याला जीपचा पत्रा ठोकायचे. रंग वाळला की ते गाडी ट्यूबलाइटखाली घ्यायचे आणि दारावर पडलेली उजेडाची पट्टी तिरप्या नजरेने बघायचे. पट्टी सरळ वाहत गेली तर काम पास. कुठे तुटली, वळली, तर तिथं पोक आहे. पुन्हा हातोडी, पुन्हा पुटिंग. मोठ्या कंपन्यांतले डिझायनर पडद्यावरच्या गाडीवर काळे-पांढरे पट्टे पाडून हेच तपासतात, आणि माझी पोरं ब्लेंडरमध्ये मॉडेलला चकचकीत करून हेच बघतात. काकांनी संगणकाला कधी हात लावला नाही, पण पृष्ठभाग कसा वाचायचा हे मला त्यांनीच शिकवलं.

काका ठोकायचे त्या जीपांकडे आता येतो. 1998 मध्ये दोन गोष्टी झाल्या. जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांची इंडिका लोकांसमोर आली. पुण्यातले इंजिनिअर आणि इटलीतल्या तुरिनची आयडिया ही डिझाइन संस्था यांनी मिळून घडवलेली ही भारतीय मोटार. आणि 1 जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. नव्या गाड्यांना एमएच 39 मिळू लागला. पण धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या वाटेवर माणसं वाहिली ती एमएच 18 च्या जुन्या महिंद्रा जीपांनी, आमच्या काळी-पिवळीने. चांदसैलीच्या घाटात आत माणसं, मागच्या पायरीवर माणसं, कॅरिअरवर आमचूरची पोती. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला आणि सारंगखेड्याच्या यात्रेला लोक गेले ते याच जीपांतून. या जिल्ह्याचा प्रवासाचा इतिहास लिहायचा तर तो या पत्र्यावर लिहावा लागेल.

आणि तिचंच मॉडेल मिळत नाही. परदेशी स्पोर्ट्स कारची चारही बाजूंची रेखाचित्रं पोरं चुटकीसरशी उतरवून घेतात. कॅरिअर चढवलेल्या, मागे पायरी जोडलेल्या, आडव्या बाकांच्या आमच्या जीपची तशी रेखाचित्रं माझ्या पोरांना सापडली नाहीत. कारण तिचं अर्धं अंग कंपनीत घडलं आणि अर्धं शहाद्या-तळोद्याच्या वेल्डिंगच्या दुकानांत.

म्हणून आम्ही यूटाच्या वाटेने गेलो. शहाद्याच्या एका गॅरेजमागे उभी असलेली जीप मालकाला विचारून मोजायला घेतली. फरशी सपाट बघून चाकांना दगड लावले. पुढच्या चाकाचा मध्य हे शून्य धरलं. छताच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडला, तो जिथे टेकला तिथे खडूने खूण केली, आणि खुणेपासून टेप धरला. एक पोरगा माप ओरडून सांगायचा, दुसरा वहीत मांडायचा. जीपचा पत्रा बहुतेक सपाट आणि दुमडलेला, त्यामुळे बीटलपेक्षा सोपा. वेळ खाल्ला तो मडगार्डच्या गोलाईने आणि स्प्रिंगच्या पाट्यांनी. पाट्याचं एकेक पान वेगळ्या लांबीचं.

मॉडेलिंगमध्ये गाडीची एकच बाजू करतात आणि दुसरी आरशासारखी उलटवून घेतात. पोरं तेच करणार होती. गॅरेजचा म्हातारा मिस्त्री बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, डावी बाजू मोज, उजवी तर दोनदा ठोकेल शे." आम्ही दोन्ही बाजू मोजल्या. कंपनीतून निघाली तेव्हा जीप दोन्हीकडून सारखी असेल. घाटात राबून ती तशी राहिली नव्हती, आणि आम्हाला राबलेली जीप हवी होती.

या जीपा आता झपाट्याने भंगारात चालल्या आहेत. अक्कलकुवा, नवापूर, अक्राणी, कुठल्याही तालुक्यात तुमच्या वाड्यात एखादी उभी असेल, तर ती तोडायला देण्याआधी एक दुपार तिला द्या. चारही बाजूंनी, कमरेच्या उंचीवरून, शेजारी टेप उभा धरून फोटो काढा. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर, एकूण लांबी, रुंदी, छताची उंची लिहून ठेवा. पायरी आणि कॅरिअर कोणत्या दुकानात केलं, तेही लिहा. घरात बारावीचं पोर असेल तर वही त्याच्या हाती द्या; बाकीचं ब्लेंडरमध्ये आम्ही करू.