महादेव नावाची माणसे

येरवड्याच्या मातीत दोन महादेवांचा शेवट झाला. पहिले महादेव विनायक रानडे. पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्या वधाच्या प्रकरणात फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी गोळ्या घालताना ते वासुदेव चापेकरांबरोबर होते. त्याच वर्षी १० मे रोजी येरवडा तुरुंगात त्यांना फाशी झाली. दुसरे महादेव हरिभाई देसाई, गांधीजींचे चिटणीस. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक होऊन ते आगाखान पॅलेसमध्ये आले आणि १५ ऑगस्टला तिथेच गेले. वय अवघे पन्नास. एकाने पिस्तूल हाती घेतले, दुसऱ्याने पंचवीस वर्षे अहिंसेच्या माणसाची लेखणी सांभाळली. १९३२ साली देसाई गांधीजी आणि वल्लभभाईंबरोबर येरवडा तुरुंगातही होते. म्हणजे पहिला महादेव ज्या भिंतींआड फासावर गेला, त्याच भिंतींआड बसून दुसरा महादेव रोजनिशी लिहीत होता.

एका नावाच्या अनेक माणसांचा अभ्यास म्हणजे योगायोगांची जंत्री, असे अनेकांना वाटते. तसे असते तर ही प्रस्तावना लिहिण्याचे कारण नव्हते. नाव एक असले म्हणून माणसांच्या वाटा एक होत नाहीत. नाव ठेवतात ते घरचे, आयुष्य घडवतो तो माणूस. पण एका नावाची माणसे शेजारी ठेवली की क्षेत्राक्षेत्रांमधल्या भिंती सहज ओलांडता येतात. राजकारणाचा अभ्यासक चित्रकाराकडे वळत नाही, कोशकाराकडे तर नाहीच. नावाच्या मागे निघालेल्याला मात्र सगळ्यांच्या दारी जावे लागते. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आधी शिकले, मग शिकवू लागले, आणि ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मागे ठेवून गेले. गोव्यातल्या आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोश्यांनी ‘भारतीय संस्कृतिकोश’ दहा खंडांत उभा केला. ‘मानिनी’ हा चित्रपट पाहताना डोळे पुसणाऱ्या किती प्रेक्षकांना ठाऊक असेल की मूळ कथा याच कोशकाराची आहे?

आणि अर्थातच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. इथे आपल्या विषयाचे खरे दुखणे समोर येते. न्यायमूर्ती १९०१ साली वारले. म्हणजे काही वर्षे महाराष्ट्रात दोन महादेव रानडे एकाच वेळी होते: एक मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर, दुसरा पुण्यात क्रांतिकारकांच्या गटात. न्यायमूर्तींचा सारा विश्वास कायद्यावर, अर्जविनंत्यांवर, सभासंस्थांच्या संथ बांधणीवर. तरुण रानड्यांचा विश्वास त्या मार्गावर उरलेला नव्हता. आज ‘महादेव रानडे’ म्हटले की न्यायमूर्तीच डोळ्यांपुढे येतात. मोठ्या नावाच्या सावलीत धाकटे नाव दिसेनासे झाले. त्यातच पुढच्या पिढ्यांनी तीन चापेकर आणि हे रानडे अशा चौघांच्या फाशीची आठवण ‘चापेकर बंधू’ या दोन शब्दांत बांधली. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी, वासुदेव ८ मे १८९९ रोजी आणि बाळकृष्ण १२ मे रोजी फासावर गेले. मधल्या १० मे रोजी गेलेला रानडे बंधूंपैकी नव्हता. आडनाव जुळले नाही म्हणून एका आठवणीतून गळला, नाव जुळले म्हणून दुसऱ्या आठवणीत बुडाला. असा दुहेरी अन्याय शोधून दूर करणे हे मी या अभ्यासाचे पहिले काम मानतो.

त्यासाठी लागणारे हत्यार आपल्या हाती फार पूर्वीपासून आहे: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असलेल्या समाजात तीच ती नावे फिरून येणारच. अशा वेळी मधले नाव माणूस ओळखून देते. मोडी कागदांत ‘बिन’ लिहून बापाचे नाव जोडलेले दिसते, तेही याच गरजेपोटी. नुसती आद्याक्षरे मात्र घात करतात. उलटी अडचणही येते. न्यायमूर्तींना त्यांचा काळ ‘माधवराव’ म्हणून ओळखे. एकच माणूस दोन नावांनी वावरत असल्याने सूचीत त्याची दोन माणसे होण्याचा धोका असतो. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश रचले. नवख्या अभ्यासकाने त्यांतले एखादे नाव घ्यावे आणि त्याखालच्या नोंदी सलग वाचाव्यात. आधी काळ पाहावा, मग वडील, मग गाव. कर्तृत्व सर्वांत शेवटी, कारण कर्तृत्व आधी पाहिले की प्रसिद्ध माणूसच पुढे येऊन उभा राहतो.

महादेवांनंतर विष्णूंकडे वळावे, असे मी सुचवीन. संगीतात विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर एकाच काळात होते. एकाने बंदिशी आणि शास्त्र लिपिबद्ध केले, दुसऱ्याने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्याआधीच्या पिढीत दोन विष्णुशास्त्री भेटतात. विष्णुशास्त्री पंडित विधवाविवाहासाठी शास्त्रार्थ करीत होते आणि त्यांच्या बाजूला आपले न्यायमूर्ती रानडे उभे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सुधारकांवर कठोर टीका केली. त्या काळचा एखादा लेख वाचताना नुसते ‘विष्णुशास्त्री’ आढळले, तर आधी त्या लेखाचे साल आणि वाद कशावर चालला आहे ते पाहावे, मगच पान उलटावे.