भंगारवाल्याची हाक आणि मनूची यादी

कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की भंगारवाला हमखास आठवतो. दुपारची वेळ, चाळीतली पुरुषमंडळी कामावर, आणि गल्लीच्या तोंडाशी हाक : "भंगाऽऽर, डब्बा-बाटली, रद्दी पेपरऽऽ". मग माळ्यावरचा रद्दीचा गठ्ठा खाली यायचा. हातकाट्यावर वजन व्हायचे, काटा मारतो म्हणून आईचे त्याच्याशी भांडण व्हायचे, आणि शेवटी मिळालेल्या चिल्लरीवर पोरांचा डोळा असायचा. आमच्यापैकी जे कल्याण पूर्वेच्या, ठाण्याच्या वस्त्यांतून वाढले त्यांनी रुळालगत सापडलेले नट-बोल्ट आणि फुटकी बादली देऊन चिक्की, गुडदाणी खाल्ली आहे. ती चव आम्हीही विसरलेलो नाही.

पण या आठवणींत एक बाई कायम गाळलेली असते. दारात येणारा भंगारवाला सगळ्यांना आठवतो. त्याच गल्लीच्या टोकाला कचराकुंडीत हात घालणारी, पाठीवर गोणी घेतलेली बाई कोणालाच आठवत नाही. तिच्यावर दिवाळी अंकात लेख येत नाही. ती हाकही देत नव्हती, कारण तिला हाक देण्याचा हक्कच नव्हता.

माल दोघांचा एकच. पत्रा, बीड, पितळ, जर्मनची भांडी, पुठ्ठा, काच. तीच बाटली दारात दिली तर तिला किंमत, कुंडीत टाकली तर तो कचरा. दारातल्या मालाला भांडवल लागते, म्हणजे सकाळी गाडी घेऊन निघताना खिशात पैसे असावे लागतात. ज्याच्याकडे ते आहेत तो भंगारवाला. जिच्याकडे फक्त हात आहेत ती कचरावाली. ती दिवसभर वेचते, निवडते आणि संध्याकाळी भंगाराच्या दुकानात तो सांगेल त्या भावाने घालते. उचल घेतलेली असेल तर दुसऱ्या दुकानात जाताही येत नाही. दुकानातून माल शीळफाटा-डायघरच्या गोदामांत, कुर्ल्याला, धारावीच्या तेरा कंपाउंडला जातो. पायरी-पायरीने भाव चढतो, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर, घाणीशी थेट संबंध असलेल्या ठिकाणी कोण उभे आहे ते पाहा. पुण्यात, मुंबईत, आपल्याकडे कुठेही पाहा : बहुतेक करून बाई, आणि बहुतेक करून दलित. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते समजून घ्यायला ग्रंथालयात जायची गरज नाही, भंगाराच्या दुकानासमोर तासभर उभे राहिले तरी पुरे.

आता मनूची यादी पाहू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम दिले आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे. प्रेतावरची वस्त्रे नेसावीत. फुटक्या भांड्यांत जेवावे. दागिने लोखंडाचे घालावेत. आणि सतत भटकत राहावे. जुने कपडे, फुटकी भांडी, लोखंड आणि रोजची फेरी! भंगारवाल्याची आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीची हाक त्या यादीच्या शेजारी ठेवून वाचा. बोहारणीकडून स्टीलचा डबा घेताना "अजून एक साडी टाक" म्हणून घासाघीस होते. तिला पाणी मात्र उंबऱ्याबाहेर, वेगळ्या ग्लासात.

हा योगायोग आहे असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वस्तूवर जगणे हे या समाजात गरिबीमुळे आलेले नाही, ते नेमून दिलेले होते. महारकीत प्रेतावरचे कापड महाराचे, मेलेले ढोर महाराचे, शिळी भाकर महाराची. वरून त्याला 'हक्क' म्हणायचे! मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका, उष्टे-शिळे घेऊ नका असे बजावले, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच महाडमध्ये मनुस्मृती जाळली. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या साजऱ्या करतो. त्या एकच आहेत.

गावकी सोडून शहरात आलेल्या आपल्या माणसांपैकी काही गिरणीत गेली, काही गोदीत, काही रेल्वेत. बायकांना काय मिळाले? दया पवारांच्या 1978 सालच्या 'बलुतं'मध्ये कावाखान्यातल्या बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करून आणतात, निवडतात आणि विकतात. म्हणजे गावचे उष्टे टाकले, तर शहराने आपले उष्टे पुढे केले. शहरात जात विचारत नाहीत असे म्हणतात. काम विचारले की जात कळते, मग विचारायची गरज काय?

आपल्या चळवळीत यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हे काम सोडा, बाबासाहेबांनी सोडायला सांगितले. दुसरे म्हणते, कष्टाचे काम आहे, लाज कसली. पहिले मत खरे आहे, पण ते सांगणारा बहुधा नोकरीत असतो. दुसरे मत तर सवर्णांनाही फार आवडते, कारण त्यात त्यांना काहीच बदलावे लागत नाही. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या बायकांनी ओळखपत्रे मिळवली, आणि 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. सुक्या मालावर हक्क त्यांचा. कामगार म्हणून नाव लागले की भाव मागता येतो, आणि मुलगी शाळेत राहते. काम सोडण्याची वाट तिथून जाते, उपदेशातून नाही.

आमच्याकडे काय झाले? ठाण्याने आपला कचरा वर्षानुवर्षे दिव्याला नेऊन टाकला, कल्याण-डोंबिवलीने आधारवाडीला. (आधारवाडीत तुरुंगही आहे. नको असलेले सगळे एकाच बाजूला.) कचऱ्याची विल्हेवाट लागत नाही म्हणून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या, तेव्हा शहरात चर्चा झाली ती बिल्डरांच्या नुकसानीची आणि फ्लॅटच्या भावाची. नंतर आग लागली की चर्चा धुराची. 2021 मध्ये आधारवाडीचे डम्पिंग बंद झाले. चांगलेच झाले, त्या धुरात आपलीही पोरे खोकत होती. पण डम्पिंगवर वेचणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी कुठे गेल्या, हा प्रश्न 'सांस्कृतिक' म्हणवणाऱ्या डोंबिवलीच्या कुठल्या व्यासपीठावर आम्ही ऐकला नाही.

केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचक हा शब्द व्याख्येसह आला. त्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी, घरोघरच्या संकलनात त्यांना सामावून घ्यावे, ही जबाबदारी महापालिकांवर आली. तेव्हा 14 एप्रिलच्या कार्यक्रमाच्या परवानगीसाठी प्रभाग कार्यालयात जाल, त्याच खेपेला आणखी एक अर्ज द्या : या प्रभागात किती कचरावेचकांची नोंद झाली, किती जणींना ओळखपत्र मिळाले, आणि सुका कचरा उचलण्याचे कंत्राट कोणाच्या नावावर आहे. उत्तर लेखी मागा.