मेकअपआधी मायक्रोडर्माब्रेजन: काय मिळतं, काय मिळत नाही आणि लग्नाच्या किती दिवस आधी करावं?

लग्नसराई सुरू झाली की एक रील हमखास समोर येतं. पेनासारखं यंत्र गालावरून फिरतं, त्यातून निघालेली पांढरट पूड कॅमेऱ्यासमोर धरली जाते आणि पुढच्याच सेकंदाला तोच चेहरा काचेसारख्या नितळ मेकअपमध्ये दिसतो. खाली लिहिलेलं असतं, 'मेकअपआधी हे कराच!' पण या दोन दृश्यांच्या मध्ये किती दिवस गेले, ते रीलमध्ये कळत नाही. मेकअप नीट बसणार की चेहरा लाल पडणार, हे बहुतेक वेळा त्या दिवसांवरच ठरतं.

मायक्रोडर्माब्रेजन म्हणजे काय?

आपल्या त्वचेवर सगळ्यात वर मृत पेशींचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकी असते. या पेशी रोज थोड्या थोड्या झडतात आणि खालून नव्या वर येतात. एका पेशीचा हा प्रवास तरुण वयात साधारण चार आठवड्यांत पूर्ण होतो. वय वाढेल तसा तो लांबतो.

मायक्रोडर्माब्रेजनमध्ये हा मृत पेशींचा थर यंत्राने हलकेच घासतात आणि सुटलेल्या पेशी त्याच वेळी ओढून घेतात. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही आणि नीट केलं तर जखमही होत नाही. पूर्ण चेहऱ्याला साधारण अर्धा तास लागतो.

ही पद्धत १९८५ साली इटलीत विकसित झाली. आज तिचे तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात:

- कणांचं यंत्र (क्रिस्टल): सुरुवातीची पद्धत. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण त्वचेवर फवारले जातात आणि लगेच परत ओढले जातात. कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून डोळे झाकावे लागतात.
- हिऱ्याचं टोक (डायमंड टिप): यंत्राच्या टोकावर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. कण उडत नाहीत, त्यामुळे डोळे आणि ओठांजवळ काम करणं सोपं जातं.
- पाण्यासोबत (हायड्राडर्माब्रेजन): घासताना त्वचेवर पाणी किंवा सीरम सोडलं जातं. कोरड्या त्वचेला हा प्रकार तुलनेने सुसह्य वाटतो.

'डर्माब्रेजन' ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात डॉक्टर भूल देऊन त्वचा बरीच खोलवर खरवडतात आणि ती भरून यायला आठवडे लागतात. चौकशी करताना या दोन नावांची गल्लत करू नका.

मेकअप नितळ का दिसतो?

फाउंडेशन म्हणजे तेल, पाणी किंवा सिलिकॉनमध्ये मिसळलेले रंगाचे बारीक कण. त्वचेवर कोरडे पापुद्रे असतील तर हे कण त्यांच्या कडांना चिकटतात. म्हणूनच नाकाच्या बाजूला, हनुवटीवर आणि भुवयांच्या मध्ये फाउंडेशन फुटल्यासारखं किंवा ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. शिवाय खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि चेहरा निस्तेज वाटतो.

भिंतीला रंग देण्याआधी पॉलिश पेपर मारतात, तसाच हा प्रकार. वरचे पापुद्रे निघाले की फाउंडेशन कमी लागतं, एकसारखं पसरतं आणि फोटोत थर जाणवत नाही. पण भिंत नुसती घासून भागत नाही, धूळ बसून पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो आणि मगच रंग देतात. त्वचेलाही तसाच वेळ द्यावा लागतो.

यातून काय मिळत नाही?

- मुरुमांचे खोल खड्डे भरत नाहीत. ते त्वचेच्या खालच्या थरात असतात, तिथपर्यंत हे यंत्र पोहोचत नाही.
- रोमछिद्रं कायमची लहान होत नाहीत. त्यात अडकलेला मळ आणि तेल निघाल्यामुळे काही दिवस ती कमी उठून दिसतात, एवढंच.
- वांग जात नाही. वांगाचा रंग अनेकदा खोलवर असतो आणि चुकीच्या घासण्याने तो वाढू शकतो.
- चेहऱ्यावरची लव निघत नाही. लवेवर फाउंडेशन अडकत असेल तर तो प्रश्न वेगळा आहे.
- रंग गोरा होत नाही. मृत पेशी निघाल्याने चेहरा उजळ वाटतो, पण मूळ वर्ण तोच राहतो.

या उपचाराने कोलॅजन वाढतं, असंही जाहिरातींत सांगतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसा परिणाम दिसला होता, पण तो जाड कणांच्या हिऱ्याच्या टोकाने जोरकसपणे घासल्यावर. मेकअपच्या तयारीसाठी केल्या जाणाऱ्या हलक्या सिटिंगकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

नितळपणाही कायमचा नसतो. मृत पेशींचा थर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तयार होतो. त्यामुळे एका सिटिंगचा फायदा तेवढ्या काळापुरताच समजावा.

आदल्या दिवशी का करू नये?

ज्या थराला आपण 'मृत' म्हणतो, तो निरुपयोगी नाही. शरीरातलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरची रसायनं, जंतू आत येऊ न देणं, हे त्याचं काम. तो घासला गेला की पहिल्या दिवशी त्वचेतून जास्त पाणी उडून जातं. चेहरा ओढल्यासारखा, कोरडा आणि किंचित लाल होतो. लाली बहुधा काही तासांत ते एका दिवसात उतरते, पण त्वचेचं संरक्षण पूर्ववत व्हायला साधारण आठवडा धरावा.

या अवधीत जाड मेकअप लावला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर त्यातले सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह चुरचुरतात. दुसरं म्हणजे कोरडी पडलेली त्वचा दोन-तीन दिवसांनी बारीक सोलते आणि जे टाळण्यासाठी हा खटाटोप केला, तेच पापुद्रे नेमके लग्नाच्या दिवशी फाउंडेशनमधून वर येतात.

महाराष्ट्रातल्या लग्नात आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. हळद आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी लागते. नुकत्याच घासलेल्या त्वचेवर हळदीचा लेप झोंबू शकतो. कपाळावर दिवसभर मुंडावळ्यांचा दोरा घासतो, चंद्रकोरीच्या टिकलीचा गोंद लागतो आणि होमाच्या धगीजवळ बसावं लागतं. लग्न उन्हाळ्यात असेल तर ऊन आणि घाम वेगळाच.

लग्नाचं वेळापत्रक कसं आखावं?

- अडीच-तीन महिने आधी: त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवा. पहिली सिटिंग याच काळात करा. त्वचेला काही त्रास झालाच तर तो निस्तरायला वेळ हाताशी असतो.
- मधल्या काळात: डॉक्टरांनी सांगितलं तरच पुढच्या सिटिंग करा आणि दोन सिटिंगमध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.
- मेकअपची ट्रायल: सिटिंगनंतर आठवड्याभराने ठेवा. म्हणजे लग्नाच्या दिवशी त्वचा साधारण ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीत मेकअप पाहता येईल.
- शेवटची सिटिंग: लग्नाच्या ७ ते १० दिवस आधी.
- शेवटचा आठवडा: नवीन काहीही नाही. ब्लीच, चेहऱ्याचं वॅक्सिंग, नवं सीरम किंवा मैत्रिणीने सुचवलेला फेसपॅक, सगळं थांबवा.
- हळदीच्या दिवशी: चेहऱ्याला नावापुरतं बोट लावायला सांगा. हौस हातापायांवर भागवा.

लग्नाला तीन-चारच दिवस उरले असतील आणि हा उपचार आधी कधीच केलेला नसेल, तर सरळ सोडून द्या.

सिटिंगनंतर काय काळजी घ्यावी?

पहिले २४ तास मेकअप टाळा. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, चोळू नका आणि सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावा. किमान एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन रोज लावा, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. रेटिनॉल, ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक अॅसिड असलेली उत्पादनं काही दिवस आधी आणि काही दिवस नंतर बंद ठेवा. नेमके किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. जिम, स्विमिंग आणि वाफ घेणं एक-दोन दिवस पुढे ढकला. लाली दोन दिवसांनंतरही उतरली नाही, किंवा पुरळ आणि फोड आले, तर पार्लरमध्ये उपाय न विचारता डॉक्टरांकडे जा.

आपल्या त्वचेला जास्त जपावं लागतं

इंटरनेटवरचे बरेच सल्ले गोऱ्या युरोपीय त्वचेचा विचार करून लिहिलेले असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं. त्यामुळे उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं, पण त्वचेला इजा झाली की ती जागा काळी पडते. गोऱ्या त्वचेवर चार दिवसांत विसरला जाणारा ओरखडा आपल्याकडे काही महिने टिकणारा डाग होऊ शकतो. यंत्राचा दाब जास्त ठेवणं, एकाच जागी अनेकदा फिरवणं आणि नंतर सनस्क्रीन न लावता उन्हात जाणं, ही त्याची नेहमीची कारणं.

कोणी करू नये?

- चेहऱ्यावर लाल, पूभरले मुरुम असतील
- ओठांच्या कडेला हर्पिसचे फोड आले असतील किंवा वारंवार येत असतील
- इसब, सोरायसिस, रोझेशिया, चामखीळ किंवा कसलाही संसर्ग असेल
- चेहरा उन्हाने भाजलेला असेल
- जखमेवर वण वाढत जाण्याची (केलॉइड) प्रवृत्ती असेल
- मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेह आटोक्यात नसेल

या यादीतलं काहीही लागू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणखी एक धोका आपल्याकडे मोठा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. 'गोरं करणारी' म्हणून औषधाच्या दुकानातून घेतलेल्या अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, तरीही ती सर्रास वापरली जातात. महिनोन्महिने लावल्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होतो. अशा चेहऱ्यावर हे यंत्र फिरवणं म्हणजे नुकसानात भर. तुम्ही कोणतं क्रीम लावता ते लपवू नका, ट्यूबच सोबत न्या.

कुठे करावं, काय विचारावं?

पहिली सिटिंग त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्येच करणं चांगलं. 'स्किन एक्स्पर्ट' किंवा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या पाटीवरून ती व्यक्ती डॉक्टर आहे असं समजू नका. एमबीबीएसनंतर त्वचाविकारातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा अशी पदवी आहे का, ते पाहा. महाराष्ट्रातल्या अॅलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काहीच नाही.

हे चार प्रश्न जरूर विचारा: यंत्र प्रत्यक्ष कोण चालवणार? टोक प्रत्येकासाठी नवं असतं की निर्जंतुक केलेलं? आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर करून पाहता येईल का? नंतर त्रास झाला तर कोणाला भेटायचं? उत्तर देताना टाळाटाळ झाली किंवा आजच दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याचा आग्रह झाला, तर परत फिरा.

घरच्या घरी?

टाच घासायला वज्री वापरतात, चेहऱ्याला कोणी लावत नाही. अक्रोडाच्या कवचाचे स्क्रब किंवा साखर-लिंबाचं मिश्रण चेहऱ्यावर रगडणं तितकंच चुकीचं आहे. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचेवर काळे डाग पडू शकतात. खायचा सोडा अल्कधर्मी असतो, आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. त्यामुळे सोड्याने ती आणखी कोरडी पडते. ऑनलाइन मिळणारी व्हॅक्यूमची यंत्रं एकाच जागी धरली तर निळे-लाल वळ उठतात.

वेळ किंवा बजेट नसेल तर साधा मार्गही बऱ्यापैकी काम करतो. महिनाभर सकाळ-संध्याकाळ मॉइश्चरायझर लावा. त्याने पापुद्रे बरेच बसतात. मेकअपच्या दिवशी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा, मग सिलिकॉनचं प्रायमर लावा. प्रायमर बारीक खळगे तात्पुरते भरतं आणि फाउंडेशन सरकत नाही. यंत्राने मिळणाऱ्या नितळपणाचा बराचसा भाग एका दिवसापुरता असाही मिळवता येतो.

थोडक्यात, योग्य त्वचेवर, योग्य हातांनी आणि पुरेसे दिवस आधी केलं तर मायक्रोडर्माब्रेजनने मेकअप चांगला बसतो. त्यामुळे पार्लरवाल्या ताईंना 'किती पैसे?' विचारण्याआधी कॅलेंडर उघडा आणि लग्नाला किती दिवस उरलेत ते मोजा. आकडा सातपेक्षा कमी असेल तर प्रायमर आणि मॉइश्चरायझर पुरेसे आहेत.