गल्लीतली सावली किती वाजताची? तैलचित्र पुरावा म्हणून वाचताना

खामगावच्या एका घरात गल्लीचं एक जुनं तैलचित्र पाहिलं होतं. सही नाही, तारीख नाही. पीएच.डी.च्या पहिल्या टिपणात मी त्यावर लिहिलं, ‘डावीकडच्या घराची सावली रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर चढते, म्हणजे घर किमान दुमजली असावं.’ मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं, ‘किती वाजले होते?’

मी हिशोब करून पाहिला. बुलढाणा जिल्हा साधारण 20 ते 21 उत्तर अक्षांशांवर येतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिणोत्तर गल्लीत पूर्वेकडे 6 मीटर उंच घर असेल, तर सकाळी पावणेदहाच्या सुमाराला त्याची सावली जवळपास 6 मीटर पडते. सव्वादहाला ती साडेचार मीटरवर येते. म्हणजे अर्ध्या तासात सुमारे दीड मीटर! मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तर एकेक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली जवळपास उरतच नाही. वेळ आणि ऋतू माहीत नसेल, तर सावलीवरून घराची उंची काढता येत नाही.

दुसरी अडचण माध्यमाची. जलरंगाचं चित्र एका बैठकीत होऊ शकतं. तेलरंगाचा थर वाळायला दिवस लागतात. एका बैठकीत, ओल्यावर ओलं असं तैलचित्र काढता येतं, पण थर देत केलेलं काम आठवडे चालतं. मग चित्रकार रोज त्याच वेळी गल्लीत जाऊन बसतो, नाहीतर जागेवर छोटं स्केच करून बाकीचं घरी पूर्ण करतो. त्यामुळे चित्रातली सावली एका क्षणाची असेलच असं नाही. कधी ती अनेक दिवसांची बेरीज असते, कधी नुसती रचनेची गरज.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. मुंबईत 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास करून घेत. तिथे प्रकाश एका बाजूने, ठरवून घेतलेला. इंदूरला द. दा. देवळालीकरांनी 1927 मध्ये चित्रशाळा काढली. ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन हे तिथले विद्यार्थी. तिथे उघड्यावर जाऊन रंगवण्यावर भर होता. 1841 मध्ये रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट निघालं, तेव्हापासून तेलरंग बाहेर नेणं सोपं झालं होतंच. उघड्यावर बसलं की कळतं, सावली काळी नसते. तिच्यात आभाळाचा निळा असतो, समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून परतलेला पिवळा-तांबडा असतो. म्हणून तपकिरी-काळी सावली आणि निळी-जांभळी सावली यांतला फरक गल्लीपेक्षा चित्रकाराच्या तालमीबद्दल जास्त बोलू शकतो. अर्थात हा संकेत झाला, पुरावा नव्हे. जुनं वार्निश पिवळं पडलं की निळी सावलीही मळकट दिसते.

मग असं चित्र संशोधनातून बादच करायचं का? नाही. फक्त प्रश्न क्रमाने विचारायचे. आधी माध्यम आणि थर बघा. मग प्रकाश सगळीकडे एकाच दिशेने येतो का ते तपासा. दोन घरांच्या सावल्या एकमेकींशी जुळत नसतील, तर काम वेगवेगळ्या वेळी झालंय किंवा सावली मनाने टाकली आहे. त्यानंतर नगर भूमापनाच्या नकाशावर गल्लीची दिशा पाहा. उंचीचा अंदाज सावलीवरून नको, दार, ओटा, माणूस यांच्या प्रमाणावरून बांधा आणि नगरपालिकेच्या जुन्या कर आकारणी रजिस्टरशी ताडून पाहा.

माझ्या टिपणातलं वाक्य आता असं आहे: ‘चित्रकाराने डावीकडचं घर गडद आणि भारी दाखवलं आहे, त्याच्या मजल्यांबद्दल चित्रावरून निष्कर्ष काढता येत नाही.’ पहिल्यापेक्षा कमी सांगणारं वाक्य आहे, पण व्हायव्हात त्याचा बचाव करता येईल.