चुंबकाच्या दारातील सलाइन : एमआरआय कक्षासाठी औषधपंप कसे घडले?

१/ २७ जानेवारी २०१८. मुंबईच्या नायर रुग्णालयात एका वृद्ध महिलेला एमआरआय तपासणीसाठी नेले जात होते. सोबतच्या नातेवाईक तरुणाच्या हाती ऑक्सिजनचा सिलिंडर होता. यंत्र बंद असल्याचे आपल्याला सांगितले गेले, असे कुटुंबीयांनी नंतर म्हटले. तो आत शिरताच सिलिंडरसह यंत्राकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. 🧵

२/ यंत्र बंद नव्हते, कारण अशा यंत्राचे चुंबक सहसा बंद होतच नाही. द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेल्या तारांत विद्युतप्रवाह अडथळ्याविना फिरत राहतो. दिवे मालवले तरी ओढ कायम असते. १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते.

३/ ही पहिली घटना नव्हती. २०१४ साली खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत असाच सिलिंडर खेचला गेला आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास यंत्रापाशी अडकून पडले. त्याआधी २००१ साली न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांच्या एका मुलाचा अशाच सिलिंडरच्या आघाताने बळी गेला होता.

४/ सिलिंडर बाहेर ठेवता येतो. परंतु रुग्णाच्या शिरेत अखंड औषध सोडणारा पंप? तो थांबवला तर रक्तदाब कोसळू शकतो, भूल उतरू शकते. आत नेला तर तो स्वतःच आपत्ती ठरू शकतो. या पेचातून वैद्यकीय अभियांत्रिकीचा एक स्वतंत्र अध्याय जन्मास आला.

५/ पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या तंत्राने पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना २००३ चे नोबेल मिळाले. १९८० च्या दशकात यंत्रे रुग्णालयांत आली. पुढे अतिदक्षता विभागातील रुग्णांनाही या तपासणीची गरज भासू लागली, आणि त्यांच्यासोबत नळ्या नि पंप कक्षाच्या दारापर्यंत पोहोचले.

६/ साध्या इन्फ्युजन पंपात पोलादी भाग असतात आणि मोटर असते. मोटर फिरते तीच मुळी तिच्यातील चुंबकाच्या बळावर. प्रबळ क्षेत्रात तिची गती बिघडते किंवा ती थांबते. म्हणजे औषध कमी-अधिक जाते. पंप जवळ गेला तर तो ओढला जातो. शिवाय त्याच्या विद्युतमंडलातील गोंगाट प्रतिमेत उमटतो. एकाच उपकरणाचे तीन दोष!

७/ पहिला उपाय साधा होता : पंप बाहेर ठेवायचा आणि भिंतीतील छिद्रातून लांब नळी आत न्यायची. परंतु नळी लांबली की मात्रेतील बदल रुग्णापर्यंत पोहोचण्यास विलंब होतो. नळी मध्येच दुमडली तर दाब सावकाश वाढतो आणि धोक्याची घंटाही उशिरा वाजते. तासाला एक-दोन मिलिलिटर जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत हा विलंब जीवघेणा ठरू शकतो.

८/ दुसरी गरज प्रतिमेच्या बाजूने आली. १९८८ साली अमेरिकेत गॅडोलिनियमयुक्त औषधाला मान्यता मिळाली. ते शिरेत टोचले की रक्तवाहिन्या आणि गाठी ठळक दिसतात. रक्तवाहिन्यांचे चित्रण करताना औषध नेमक्या क्षणी, ठरलेल्या वेगाने जावे लागते; हाताने सिरिंज दाबून ही अचूकता साधणे कठीण. म्हणून चुंबकाजवळ चालणाऱ्या इंजेक्टरची रचना आवश्यक झाली.

९/ मग चुंबकाविना फिरणारी मोटर आणायची कोठून? उत्तराचे मूळ १८८० सालात होते. पिएर आणि जॅक क्युरी या बंधूंना आढळले की काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युतभार निर्माण होतो. याची उलट क्रियाही घडते : विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित आकार बदलतो.

१०/ १९८० च्या दशकात जपानमधील तोशीइकू साशिदा यांनी या गुणावर मोटर उभी केली. सिरॅमिकच्या कड्याला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेची कंपने दिली की त्यास जोडलेल्या धातूच्या पृष्ठावर लाट धावते. त्यावर दाबून बसवलेली चकती घर्षणाने सरकते. यात ना चुंबक, ना तारेचे वेटोळे. १९८७ पासून कॅनॉनच्या लेन्समध्ये ही मोटर वापरात आली.

११/ छायाचित्रकाराची ही मोटर रुग्णालयाच्या कामी आली. अमेरिकेतील आयरॅडिमेड कंपनीच्या पंपात अशीच अल्ट्रासोनिक मोटर आहे. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम, पितळ, प्लास्टिक, तारेऐवजी प्रकाशतंतू, गोंगाट रोखण्यासाठी धातूचे आवरण – असे उपाय अभियंते योजू लागले.

१२/ तरीही असा पंप निःशंकपणे ‘सुरक्षित’ म्हणवत नाही. पूर्वी ‘एमआर कम्पॅटिबल’ हा शब्द सैलपणे वापरला जाई. २००५ साली अमेरिकी मानकाने तीन वर्ग केले : हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित, पिवळा त्रिकोण म्हणजे अटींसह, लाल वर्तुळावर तिरकी रेघ म्हणजे आत नेऊ नये. बॅटरी आणि विद्युतमंडल असलेले पंप बहुधा पिवळ्या त्रिकोणातच मोडतात : नेमून दिलेल्या रेषेबाहेर आणि चाके रोखूनच.

१३/ याचा नंदुरबारशी काय संबंध? सातपुड्याच्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात सिकलसेल हा जुना आजार आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन वाहिन्या अडवतात. मेंदूत अडथळा आला तर लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. त्याचा शोध एमआरआय घेते. परंतु शरीरातील पाणी घटले की पेशी अधिक विळ्याकार होतात. अशा रुग्णाची सलाइन तपासणीपुरती थांबवणे हाही निर्णय विचारपूर्वकच घ्यावा लागतो.

१४/ धडगाव किंवा अक्कलकुव्याहून धुळे, नाशिक वा सुरतेस गेलेल्या रुग्णाची सलाइनची बाटली बहुधा नातेवाईकच धरून असतो. त्याची मायबोली भिली किंवा पावरी असू शकते. दारावरील इंग्रजी सूचना त्याच्यासाठी मुकीच. म्हणून चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळ ही खुणांची भाषा मोटरइतकीच मोलाची.

१५/ क्युरी बंधूंच्या स्फटिकापासून चुंबकाविना चालणाऱ्या पंपापर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. २०१८ च्या त्या दिवशी मात्र एकच गोष्ट हवी होती : दाराशी उभी राहून ‘चुंबक सदैव चालू असते’ असे सांगणारी एक जाणती व्यक्ती. उपकरण कितीही उत्तम घडवले, तरी त्याची सुरक्षितता दारापाशीच पूर्ण होते.