वॉर्डाच्या दारातून परत येताना



आपल्या वर्धा जिल्ह्यात एक धमकी लहानपणी बहुतेकींनी ऐकली असेल, "जास्त बोलली तर नागपूरच्या पागलखान्यात नेऊन टाकीन!" काहींनी तर ती सासरी गेल्यावरही ऐकली. हा 'पागलखाना' म्हणजे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८६४ पासूनचं आहे ते, आपल्या पणजीच्याही आधीचं. अशा ठिकाणी माणूस आत कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आज बाहेर येण्याबद्दल बोलणार आहे.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, मग १९१२ साली दुसरा. दोन्हींत डॉक्टरापेक्षा पोलीस आणि मॅजिस्ट्रेटचा हात मोठा. तेव्हा औषध तरी कुठं होतं? उपयोगी पडणाऱ्या गोळ्या आल्या १९५२ नंतर. तोवर वॉर्ड म्हणजे भिंत, कुलूप आणि पहारा.

गोळ्यांनी भास कमी झाले, झोप लागू लागली. पण बरं झालेलं माणूस न्यायला घरचं कुणी येईना. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर होते. त्यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत तिथंच राहायला लावलं. आई, भाऊ, नवरा रोज डोळ्यांनी बघू लागले, की हा करणी-भानामतीचा प्रकार नाही, आजार आहे आणि तो उतरतो. मग जाताना ते आपलं माणूस सोबत घेऊनच जायचे. तंबूचा खर्च तो केवढा!

आपल्या महाराष्ट्रातले डॉक्टर म्हणजे भरत वाटवानी. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता, दोघेही मनोविकारतज्ज्ञ. मुंबईत एकदा त्यांना रस्त्यावरचा एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटाराचं पाणी पिताना दिसला. दोघांनी त्याला आपल्या दवाखान्यात आणलं, उपचार केले. तो बोलू लागला तेव्हा कळलं, पोरगा पदवीधर आहे, आंध्रातल्या चांगल्या घरातला. त्याला घरी पोचवलं. त्यातूनच १९८८ साली 'श्रद्धा' संस्था उभी राहिली. पुढं बाबा आमट्यांनी त्यांना मोठं काम करायचं बळ दिलं. बाबा तर आपल्या हिंगणघाटात जन्मलेले! २००६ साली कर्जतला मोठं केंद्र झालं. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून जास्त माणसं रस्त्यावरून उचलून, बरी करून घरी पोचवली होती. पत्ता शोधायचा, रेल्वेनं गावापर्यंत जायचं, घरच्यांना आजार समजावून सांगायचा, हे सगळं त्यांच्या उपचारातच येतं.

आता आपल्यातली गोष्ट. नवरा आजारी पडला तर बायको डबा घेऊन दवाखान्यात बसते. बाई आजारी पडली की तिला माहेरी सोडतात, आणि लग्नाआधी लपवलं म्हणून माहेरच्यांनाच बोल. मला याची फार चीड येते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा इथं कामाचा आहे. कुणालाही साखळीनं बांधता येत नाही. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. बाईचं तीन वर्षांखालचं लेकरू शक्यतो तिच्याजवळच राहतं. आणि आपल्या वतीनं बोलणारा माणूस आपणच निवडू शकतो. तो नवराच असावा असं नाही. बहीण चालते, गटातली मैत्रीणही चालते. साध्या कागदावर नाव लिहायचं, खाली सही किंवा अंगठा.

जवळ म्हणाल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस, पैसे लागत नाहीत.

पुढच्या बैठकीला कोरे कागद आणि शाईचा पॅड घेऊन या.