चिनी अक्षरलेखनाचे कित्ते
चिनी लिपीतील अक्षरे गुरूचे साहाय्य नसतानाही गिरविता यावीत, म्हणून तयार केलेली नमुना-पुस्तके. लाल रंगात छापलेल्या अक्षरावर काळ्या शाईचा कुंचला फिरविण्याच्या पद्धतीस ‘म्याओ-हुंग’ (लाल गिरविणे) म्हणतात. ल्यांग सम्राट वू (कार. ५०२–४९) याच्या आज्ञेवरून जो शिंग-स याने रचलेली सहस्राक्षरी हा दीर्घकाळ या अभ्यासाचा आधार होता, पाठांतर व लेखन ही दोन्ही तीत एकदमच साधत. ज-युंग या बौद्ध भिक्षूने तिच्या ८०० प्रती लिहून मठांना वाटल्या, अशी परंपरा आहे.

कित्त्याची खरी उणीव अशी, की पूर्ण झालेले अक्षर आपल्या रेषांचा क्रम सांगत नाही. क्रम चुकल्यास वळण तर बिघडतेच, शिवाय त्या क्रमावर आधारलेली जलद लिपी वाचणेही कठीण होते. कुंचल्याचे आठ मूलभूत फटकारे ‘युंग’ (चिरंतन) या एकाच अक्षरावरून शिकविण्याची प्रथा यातूनच महत्त्वाची ठरली. आजच्या गणनेत मात्र त्याच्या रेषा पाचच भरतात. चीनमधील १९५६ च्या योजनेने अनेक अक्षरांतील रेषा घटविल्या, क्रमाचे बंधन मात्र कायम राहिले. १९८८ च्या निरक्षरता-निर्मूलन नियमांनी साक्षरतेसाठी शेतकऱ्यास १,५०० व नागरी रहिवाशास २,००० अक्षरांची अट घातली. शाळेस मुकलेल्या प्रौढास एवढी मजल केवळ नमुना पाहून गाठणे दुष्कर होय. आधुनिक पुस्तिकांत म्हणूनच रेषांना अंक देतात, किंवा लागोपाठच्या चौकटींत एकेक रेषा वाढवीत अक्षर पूर्ण करून दाखवितात.